सहाशे पावलं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पोराला नाही, मठातल्या स्वामींना नाही, पारावरच्या मंडळींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून नव्हे — मी भित्रा नाही. बोलताना माणूस समोरच्याचं तोंड बघतो आणि गोष्ट वळवतो. कागदाला तोंड नसतं, म्हणून आधी कागदावर.

शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर मोठं येतं, ओळ खाली घसरते, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. नात म्हणाली, "आप्पा, तुम्ही बोला, मी मोबाईलमध्ये लिहिते." नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही.

मी कोण ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव रेणापूरपासून जवळ. तीस वर्षं मी मोजणीच्या साहेबांमागं साखळी धरून शिवारं तुडवली. साहेब बदलत गेले, साखळीचं टोक माझ्याच हातात राहिलं. पुढं मशिनी आल्या, साखळी गेली. पण माझं पाऊल गेलं नाही. माझं पाऊल अडीच फुटाचं — चढाला अडीच, उताराला अडीच, काळ्या चिखलात अडीच. शंभर पावलं झाली की अंगठा बोटाच्या एका पेरावर सरकतो. चार बोटांची बारा पेरं, म्हणजे एक हात बाराशेचा. हे मी ठरवून करत नाही. मयताला चाललो तरी अंगठा सरकतच असतो. बांधावरून भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, की दोघांपैकी कुणीतरी शहाणा म्हणायचा, "आप्पाला बोलवा." मी एका दगडावरून निघायचो, दुसऱ्या दगडावर थांबायचो, आकडा सांगायचो. त्यावर कुणी बोलत नव्हतं. वहीत सही नाही, शिक्का नाही, नुसती जबान. आजही बोलत नाही.

अशा माणसानं खोटं माप दिलं. एकदाच. आणि ते कुणाच्या बांधाचं नव्हतं.

आता बायकोबद्दल. आमच्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, पण इथं घेतो — महानंदा. लग्न होऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली. ती सगळ्यांना सांगत असते, "लगीन लागल्या लागल्या यांनी मला काय सांगितलं? तुझ्या बापाच्या दारापासून मांडव एकशे बारा पावलं हाय म्हणले. बस, दुसरं अक्षर न्हाई." बायका हसतात. मीही हसतो. आकडा बरोबर आहे तो.

महानंदाला एकच हौस होती. पाळण्याची. लहानपणी जत्रेत लाकडी पाळण्यात बसली होती, चार खोक्यांचा, दोन माणसं हातानं फिरवायची. लग्नानंतर माझ्या बापानं बंद केलं — सुनेनं पाळण्यात बसून पदर उडवायचा नाही. बाप गेला तेव्हा लेकरं लहान होती. लेकरं मोठी झाली तेव्हा गुडघे धरले. मग नांदेडच्या बाहेर ते मोठं पार्क झालं. पोरगं त्याला थीम पार्क म्हणतं. पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचे राक्षस, खोटा किल्ला, आणि मधोमध आभाळाला टेकलेला पाळणा. नातीनं, गौरीनं, मोबाईलवर तिला दाखवला. महानंदानं चष्मा लावून तीनदा बघितला आणि म्हणाली, "ह्यात मी बसणार. तुमी कुणी बसा न्हाईतर नका बसू."

आमचा बसवराज लातूरला दुकानात कामाला. तो म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ, दोन रात्री राहू, सगळ्यांनी. आईच्या गुडघ्यामुळं हॉटेल पार्कच्या अगदी जवळ पाहिजे, चालत जाण्याजोगं. दमली की येऊन पडता आलं पाहिजे, पुन्हा जाता आलं पाहिजे. बोलला ते शहाणपणाचंच होतं. आमच्या भाषेत हॉटेल म्हणजे चहा-भज्याचं, राहायचं ते लॉज. पण तो हॉटेल म्हणतो म्हणून मीही तेच लिहितो. त्यानं मोबाईलमध्ये दोन काढली होती. मी म्हटलं, फोटोत सगळ्याच गाद्या मऊ दिसतात. मी स्वतः जाऊन बघून येतो. एसटीत मला तिकीट लागत नाही, वय झालंय. शिवाय अंतर मोजायचं काम — ते या घरात दुसरं कोण करणार?

सून म्हणाली, "मामंजी, मोबाईल अंतर सांगतो की."

मी म्हटलं, "मोबाईलला पाय कुठंयत?"

गेलो.

पहिलं हॉटेल पार्कच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या पलीकडं थोडं डावीकडं. फाटकापासून पायरीपर्यंत मोजली — दोनशे दहा पावलं. सगळी सपाट, कडेला कडुलिंबाची सावली. काचेचं दार. नेमकी तेव्हाच एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली, त्यातून दहा-बारा माणसं उतरली, दर्शनाला आलेली असावीत. त्यांच्या मागोमाग मीही आत शिरलो. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. माझा रोजचा वेष. आत गारेगार. मी काउंटरपाशी उभा राहिलो. तिथला माणूस कामात होता, मान वर न करता म्हणाला —

"काका, ड्रायव्हर लोकांची सोय मागल्या बाजूला हाय. गाडी तिकडं लावा, जेवण तिकडंच भेटल."

मी काही बोलायच्या आत त्या मंडळींतली एक बाई हसून म्हणाली, "अहो, आमचा ड्रायव्हर नाही हा. आमचा तरणा आहे!" आणि सगळे हसले.

एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात धरून बाहेर काढलं नाही. आणि ड्रायव्हर म्हणजे काय वाईट माणूस असतो? माझा सख्खा पुतण्या ड्रायव्हर आहे. तरी माझ्या कानातून वाफ निघाली. ज्याच्या शब्दावर शिवारं वाटली जातात, त्याला मागल्या दारानं जा म्हणतो हा कालचा माणूस?

इथपर्यंत ऐकून तुम्ही माझ्या बाजूनं झाला असाल तर थांबा. कारण पुढचंही सांगायचं आहे. त्या माणसाला चूक कळली. तो काउंटरच्या बाहेर आला, वाकून माझ्या पायाला हात लावला, "चुकलं काका, माफ करा" म्हणाला — सगळ्यांच्या देखत. पाणी दिलं, चहा मागवला. स्वतः खोली दाखवायला आला. खोली खालच्या मजल्यावर. उंबरा नाही. पलंग गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे बसताना-उठताना त्रास नाही. संडास खुर्चीसारखा, भिंतीला धरायला दांडा. खिडकी उघडली तर समोर पाळणा. त्यानं सांगितलं, आजी दमल्या तर मधेच आणून सोडा, खोली उघडीच ठेवू, दुपारी ताक पाठवू. आणखी काय पाहिजे होतं? त्या खोलीत महानंदाचं नाव लिहायचं तेवढं बाकी होतं.

मी म्हटलं, "बघतो." आणि बाहेर पडलो.

रिक्षा केली आणि दुसरं हॉटेल बघायला गेलो. मोठ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या पुढं. मालक दारातच खुर्ची टाकून बसलेला. मला बघून उठला. "या पाटील, या या! बसा. पंखा लाव रे!" मी पाटील नाही. त्यानं विचारलंही नाही, मीही सांगितलं नाही. खोल्या बऱ्या होत्या. वाईट म्हणणार नाही. पण पलंग खुजे, आणि संडास आपला बसायचा. मी उभ्या उभ्या पक्कं केलं. परत फाटकापर्यंत पायी निघालो. दुपार होती, मी एकटा, चांगल्या चालीनं. अंगठा सरकत होता. किती झाली ते मला तेव्हाच कळलं. तुम्हाला मागून सांगतो — मी तिलाही कधी सांगितलं नाही, तुम्हाला थोडं थांबायला काय झालं?

घरी येऊन मी सांगितलं: पहिल्या हॉटेलात ढेकणं. गाद्यांना वास. दुसरं झकास, माणसं अदबीची, आणि फाटकापासून सहाशे पावलं.

हा सहाशेचा आकडा मी हवेतून काढला नाही. हेच तर सांगायचंय तुम्हाला. महानंदाची बहीण शकू आमच्याच गावात, वेशीपलीकडं राहायची. महानंदा रोज संध्याकाळी तिच्याकडं जायची. गुडघे दुखत असूनही, काठी न घेता. ते अंतर चारशे ऐंशी पावलं, मीच मोजून दिलेलं. जाऊन-येऊन करायची, मधे कधी मारुतीच्या ओट्यावर टेकायची. म्हणजे सहाशे तिला झेपतील असं तिला वाटणार, पोराला वाटणार, हे मला ठाऊक होतं. मी तिच्या पायाचं माप घेतलं आणि त्या मापाचं खोटं शिवलं.

बसवराज म्हणाला, "आप्पा, यात तर दीड किलोमीटर दाखवतंय."

मी म्हटलं, "ते गाडीच्या रस्त्यानं. मी कडेच्या वाटेनं आलो."

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. "आप्पांनी पाय टाकलाय म्हणजे तेवढंच असणार," असं बायकोला म्हणाला. मला ऐकू आलं. मला त्या वेळी काय वाटलं माहिताय? अभिमान वाटला. खोटं सांगूनसुद्धा अभिमान वाटला.

मे महिना. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नातवंडांना दम निघेना, म्हणून बसवराज आणि सून त्यांना घेऊन रिक्षानं पुढं गेले. जाताना तो म्हणाला, "आईला रिक्षानं आणा." मी म्हटलं, "सहाशे पावलांना कशाला रिक्षा? लोक हसतील." खरं म्हणजे रिक्षावाला म्हणाला असता, "लांब हाय की काका." ते तिच्या कानावर पडायला नको होतं. बास. दुसरं काही कारण नाही.

निघालो. तिनं हिरवं इरकल नेसलं होतं, नवं. केसांत गजरा. वय सत्तरच्या पुढं आणि गजरा! मी म्हटलं, "पाळण्याला दाखवायला निघालीस का?" ती म्हणाली, "तुमाला दाखवून काय उपेग? तुमी जमिनीकडंच बघून चालता."

बरोबर बोलली. मी जमिनीकडंच बघत होतो, आणि उजवा हात उपरण्याखाली घेतला होता. का? कारण माझा अंगठा ती ओळखते. पन्नास वर्षं तिनं तो सरकताना बघितलाय. सहा पेरं झाली आणि फाटक आलं नाही, हे तिला माझ्या हातावरच दिसलं असतं. म्हणून हात झाकला.

तीनशेला ती ठीक होती. सहाशेला पेट्रोल पंपसुद्धा नीट मागं पडला नव्हता. तिनं विचारलं, "किती राह्यलं वो?" मी म्हटलं, "हे काय, शंभर." पुन्हा चालली. सावली कुठंच नाही. डांबरातून वाफ येत होती. पुलाच्या कठड्यावर टेकली, गुडघा दाबून धरला. "आता?" — "शंभरच." पुढं एका रसवंतीच्या बाकड्यावर बसली, तिथल्या बाईनं पाणी दिलं. "किती?" — "शंभर." कितीदा शंभर म्हणालो मी? चारदा. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही, मीच सांगितलं. आणि त्यावर असंही बोललो — हे लिहायला हात जड झालाय, पण लिहितो — "बसून बसून पाय गेलेत तुझे. रोज शकूकडं जाऊन नुसतं बसायचं, दुसरं काय."

रिकामी रिक्षा शेजारून गेली. मी हात केला नाही.

एक हात संपला, दुसऱ्या हाताची सात पेरं झाली, वर चाळीस. एक हजार नऊशे चाळीस. हे खरं माप. नवं इरकल नेसून, मे महिन्याच्या उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांनी महानंदा एक हजार नऊशे चाळीस पावलं चालली — तीही माझ्या पावलांनी मोजलेली. तिच्या पावलांनी तीन हजाराच्या वर भरतील. चालली आणि फाटकात पोचली. आणि पोचून काय म्हणाली? "सहाशे पावलं न्हाई चालवत आता मला. संपले की वो माझे पाय."

मी काय करायला पाहिजे होतं ते तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे. तोंड उघडायचं होतं. एक आकडा सांगायचा होता. जिंदगीभर आकडेच सांगत आलो की मी.

नाही सांगितला.

पाळण्यावर चढायला लोखंडी जिना, वीस-बावीस पायऱ्या. तिचे दोन्ही गुडघे सुजून भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखे झाले होते. बसवराज म्हणाला, उचलून नेतो. ती म्हणाली, "पोत्यावाणी न्हेतोस का मला चार लोकांत? जा तुमी." खालच्या बाकावर बसली. सगळ्यांच्या चपला, पिशव्या, सुनेची पर्स मांडीवर घेऊन. गौरी रडकुंडीला आली — आजीसाठी जागा धरली होती तिनं. मग कुणीतरी बसायला पाहिजे म्हणून त्या जागेवर मी बसलो. मला उंचीची भीती वाटते, तरी बसलो. तिच्या जागेवर.

पाळणा वर गेला. वरून सगळं दिसलं. फाटकासमोर ते पहिलं हॉटेल, इतकं जवळ की पाळण्याची सावली त्याच्या गच्चीवर पडेल. आणि मोठ्या रस्त्यानं नजर न्यायची, न्यायची, रसवंती, पूल, पंप, आणि मग आमचं हॉटेल — काडेपेटीएवढं. गौरी अकरा वर्षांची, डोळे तेज. म्हणाली, "आप्पा, ते आपलं हॉटेल ना? केवढं लांब!"

मी म्हटलं, "वरून सगळं लांबच दिसतं, बाळा."

तिनं मान हलवली. लेकरू ते, तिला काय माहीत. खाली महानंदा आमच्याकडं बघून हात हलवत होती. कुठला खोका आमचा ते तिला कळलं नव्हतं. दुसऱ्याच माणसांना हात हलवत होती.

परत येताना बसवराजनं रिक्षा आणली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून सारखा मोठ्यानं बोलत राहिलो, ऊस, पाऊस, काय वाट्टेल ते, म्हणजे रस्ता किती लांबला याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये. गेलं नाही. ढेकणांची गोष्टही गावात पसरली. आमच्या भागातली दोन-तीन कुटुंबं नंतर त्या पार्कला गेली, त्यांनी मला विचारलं, आणि मी त्या पायाला हात लावणाऱ्या माणसाच्या हॉटेलला पुन्हा ढेकणं लावली. एकदा बोललो म्हणून पुढंही बोलत राहिलो.

तुम्ही म्हणाल, एक दिवस वाया गेला, एक पाळणा हुकला. एवढं काय? मलाही तसंच वाटलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

घरी आल्यावर आठ दिवसांत सूज उतरली. नवव्या दिवशी संध्याकाळी शकूकडं जायची वेळ झाली. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. म्हणाली, "चारशे ऐंशी हाय. सहाशेला पडले होते. वाटेत बसले तर उचलायला कोण येणार?" दुसऱ्या दिवशी उठलीसुद्धा नाही.

शकूच यायला लागली. तिची जीभ लांब. "म्हातारी झालीस की गं नंदे, माझ्याहून चार वर्षांनी ल्हान आन बसलीस!" महानंदा हसायची आणि सगळ्यांना स्वतःच सांगायची — सहाशे पावलं झाली आन मी बसले. नाव माझं घेऊन सांगायची, आप्पांनी मोजलंय म्हणून. मग कोण कशाला शंका घेईल? सोमवारी देवळात जाणं बंद झालं. भावकीतली लग्नं बंद झाली. पुढं शकूला तिचा पोरगा पुण्याला घेऊन गेला. जायच्या आधी महिनाभर तिचंही अंग बरं नव्हतं, ती येऊ शकली नाही, आणि महानंदा जाऊ शकली नाही. चारशे ऐंशी पावलांवर दोघी बहिणी आपापल्या दारात बसून राहिल्या. निघायच्या दिवशी गाडी आमच्या दारात थांबवली, खिडकीतून हात हातात घेतला, झालं.

लातूरला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा त्यानं विचारलं, "आजी, किती चालता येतं?" ती म्हणाली, "सहाशेच्या आत." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं — म्हातारी माणसं काहीही सांगतात, म्हणून घरच्याला विचारायचं असतं. मी मान हलवली. हो म्हणून. त्यानं त्या हिशेबानं काठी दिली, जास्त चालू नका म्हणाला. आणि न चालता पाय कसे राहतील? वर्षभरात मांड्या वाळल्या. आज ती अंगणातून न्हाणीपर्यंत जाते आणि दम खाते. मी जे खोटं सांगितलं होतं ते तिच्या पायांनी खरं करून दाखवलं. सहाशे तर आता तिला खरंच झेपायची नाहीत. दोनशेही नाहीत.

मागं एकदा मी चोरवाटेनं दुरुस्ती करायला गेलो. म्हटलं, "चल, मारुतीपर्यंत जाऊ. तुझे पाय चांगले हैत, उगं भितेस." ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मी काय मनानं बसले का? तुमच्याच मापानं बसले."

चिडून बोलली नाही. तिचा माझ्या मापावर विश्वास आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. तीन उन्हाळे झाले त्या दिवसाला, आणि मी अजूनही लोकांचे बांध मोजायला जातो, लोक अजूनही मान खाली घालून ऐकतात.

माफी बिफी मी मागत नाही. तुमच्याकडं तर नाहीच, तुमचं मी काय घेतलंय? आणि ड्रायव्हर म्हटलं म्हणून, उन्हाचा तडाखा म्हणून, वय झालं म्हणून — असलं काही पुढं करायचं नाही मला. पायाला हात लावून घेतल्यावर राग उरत नसतो. खोली बघितल्यावर मला सगळं दिसलं होतं. आकडा मला ठाऊक होता. तो मी दाबला, त्या दिवशी रस्त्यात दाबला, पाळण्यात दाबला, डॉक्टरसमोर दाबला.

महानंदा आत्ता अंगणात बसली आहे. सून लातूरला, घरात आम्ही दोघंच. ही ओळ संपली की मी उठणार आहे आणि तिच्यासमोर जाऊन, उभ्यानं, सांगणार आहे की ती किती चालली होती. वाचून दाखवणार नाही. तोंडानं सांगणार. ती काय बोलेल ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.